मराठीतून जपानी अक्षरं शिकवणारं अ‍ॅप: आराखड्यापासून प्ले स्टोअरपर्यंत

जपानी अक्षरं शिकवणारी अ‍ॅप भरपूर आहेत. बहुतेकांत अक्षराखाली रोमन उच्चार असतो आणि शेजारी इंग्रजी अर्थ. पुण्यात जपानीच्या वर्गाला बसणाऱ्या, मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलामुलींना त्यामुळे जपानीकडे इंग्रजीच्या वळणाने जावं लागतं. त्याची काहीही गरज नाही. जपानीचे बरेच ध्वनी इंग्रजीपेक्षा मराठीला जवळचे आहेत आणि देवनागरी ते रोमनपेक्षा नेमके दाखवते. म्हणून हा लेख सरळ मराठीतून शिकवणाऱ्या अ‍ॅपबद्दल आहे. थोडंफार प्रोग्रॅमिंग येणाऱ्या आणि जपानीची निदान तोंडओळख असलेल्या एकट्या माणसाला ते करता येतं. जपानी येत नसेल तर येणाऱ्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

पहिल्या आवृत्तीत फक्त काना

जपानीत हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारलिपी आहेत, दोन्हींना मिळून 'काना' म्हणतात. हिरागानाची मूळ अक्षरं ४६, काताकानाची ४६. दोन टिंबं किंवा छोटं वर्तुळ जोडून होणारी आणखी २५ आणि लहान 'या-यु-यो' लावून होणारी ३३ जोडअक्षरं, म्हणजे प्रत्येक लिपीत एकूण १०४. कांजीचं, म्हणजे चिनीतून आलेल्या, अर्थ दाखवणाऱ्या अक्षरांचं गणित वेगळं आहे. जपानच्या नित्यवापराच्या यादीत २०१० च्या सुधारणेनंतर २,१३६ कांजी आहेत, त्यांतल्या १,०२६ प्राथमिक शाळेच्या सहा इयत्तांत शिकवल्या जातात. २,१३६ चा आकडा डोळ्यांसमोर ठेवून सुरू केलेलं अ‍ॅप बहुधा कधीच बाहेर पडत नाही. दोन लिपींची २०८ चिन्हं मात्र एक माणूस मन लावून तपासू शकतो. प्रत्येकाचा उच्चार, प्रत्येक रेघ, प्रत्येक आवाज.

तेव्हा पहिल्या आवृत्तीत चारच गोष्टी ठेवा: तक्ता, लिहिण्याचा सराव, ओळखण्याचा सराव आणि उजळणीचं वेळापत्रक. लॉगिन, गुणांची क्रमवारी, मित्रांना आमंत्रणं यांतलं काही नको. लॉगिन आलं की सर्व्हर आला, सर्व्हर आला की लोकांच्या माहितीची जबाबदारी आली.

तक्त्याचा क्रम मराठी वाचकाला मुद्दाम उलगडून दाखवा. आ-इ-उ-ए-ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा हा जपानी क्रम बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम लिपीच्या अभ्यासातून, म्हणजे संस्कृतच्या वर्णमालेतून आला आहे. 'सा'ची ओळ चवर्गाच्या जागी आहे. 'हा'ची ओळ 'मा'च्या आधी येते, कारण त्या जागी पूर्वी 'पा'सारखा उच्चार होता. 'क-च-त-प' पाठ असलेल्या माणसाला हे एकदा सांगितलं की तक्त्यातल्या ओळींचा क्रम वेगळा पाठ करावा लागत नाही.

देवनागरीत उच्चार कसा लिहायचा

कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी हे ठरवा. रोमनमध्ये यासाठी ठरलेल्या पद्धती आहेत, देवनागरीत आपल्यालाच नियम करून ते अ‍ॅपभर पाळावे लागतात. मी खालचे नियम सुचवेन.

पहिला प्रश्न स्वरांच्या लांबीचा. जपानीत लांबी बदलली की शब्द बदलतो. 'ओबासान' म्हणजे काकू-मावशी आणि त्यातला 'बा' लांबवला की आजी. 'बिरु' म्हणजे इमारत, 'बि' लांबवला की बिअर. देवनागरीतला 'अ' जपानी स्वरापेक्षा वेगळा, आणि 'आ' लिहिला तर ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. ए आणि ओ यांची तीच अडचण. सगळ्यांवर एकच उपाय चालतो, तो म्हणजे अवग्रह. देवनागरीची काना-मात्रा नेहमीची लिहा आणि स्वर लांबला की 'ऽ' लावा: ओबासान्, ओबाऽसान्, बिरु, बिऽरु, तोऽक्योऽ, ओऽसाका.

याच्याशी जोडलेली एक मराठी सवय आहे. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण दीर्घ लिहितो, म्हणून 'सुशी' असंच बोटांतून उतरतं. जपानीत तो ऱ्हस्व आहे. अ‍ॅपच्या उच्चारपट्टीत शुद्धलेखनाचा हा नियम बाजूला ठेवून 'सुशि' लिहा. दीर्घ ई-ऊ पूर्ण वर्ज्य करा, लांबीचं काम फक्त अवग्रहाला द्या. पाठाच्या मजकुरात, मराठी वाक्यात आलेला शब्द मात्र मराठी पद्धतीने 'सुशी' राहू दे. उच्चारपट्टी वेगळ्या रंगात ठेवली की गोंधळ होत नाही.

दुसरा प्रश्न अनुनासिकाचा. काना तक्त्यातलं शेवटचं अक्षर आपल्या अनुस्वारासारखंच वागतं. पुढच्या व्यंजनाप्रमाणे ते बदलतं. 'शिंबुन्' मध्ये म्, 'हांताइ' मध्ये न्, 'सांका' मध्ये ङ्. अंबा, अंत, अंक म्हणणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही, म्हणून शब्दाच्या मध्ये अनुस्वारच द्या. शब्दाच्या शेवटी मात्र अनुस्वार घातक आहे. 'पुस्तकं', 'झाडं' यांतला अनुस्वार आपण नाकातून म्हणत नाही, तिथे शेवटचा अ लांबवतो. तेव्हा शेवटी पाय मोडलेला न: निहोन्, होन्. अनुस्वारानंतर स्वर आला तर मध्ये टिंब ठेवा. 'किनेन्' म्हणजे स्मरण आणि 'किं·एन्' म्हणजे धूम्रपानबंदी, ते टिंब गेलं तर दोन्ही एकच होतात.

तिसरा प्रश्न च आणि ज चा, आणि इथे मराठीला मोठा फायदा आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांना अवघड जाणारा 'त्सु' म्हणजे आपल्या 'चूल'मधला च. 'चि' म्हणजे 'चिमणी'तला च. 'जाड' मधला ज 'जा' साठी आणि 'जीव' मधला ज 'जि' साठी. मराठीप्रमाणे जपानीतही इकार आला की उच्चार तालव्य होतो. लिहिताना 'त्सु', 'चि', 'च्या-च्यु-च्यो', 'जा', 'जि', 'ज्या-ज्यु-ज्यो' असं ठेवा. काना लिपींतही ही जोडअक्षरं 'चि' आणि 'जि' ला लहान या-यु-यो लावूनच लिहितात, म्हणून आपली जोडाक्षरं त्यांच्या रचनेशी जुळतात. लहान 'त्सु' पुढचं व्यंजन दुप्पट करतो. 'किते' म्हणजे 'ये' आणि 'कित्ते' म्हणजे टपाल तिकीट. जोडाक्षर लिहिणाऱ्याला ते लगेच कळतं.

'फु' साठी एक टीप हवी: दोन्ही ओठांमधून हळूच हवा, 'फूल'मधला फ नाही. आणि 'हा', 'हे' ही अक्षरं प्रत्ययासारखी वापरली जातात तेव्हा 'वा', 'ए' अशी वाचतात. ही नोंद त्या अक्षरांच्या पानावरच असू द्या, वेगळ्या व्याकरणाच्या पानात ती कुणी उघडत नाही.

हे नियम एका पानावर लिहा, वर्गातल्या शिक्षकांना दाखवा आणि मग प्रत्येक नोंद त्यांप्रमाणेच करा. अ‍ॅपचा खरा ऐवज हा आहे. बाकी कोड कुणीही पुन्हा लिहू शकतो.

रेघांचा डेटा आणि त्याचा परवाना

अक्षरं हाताने रेखाटत बसू नका. उलरिख आपेल यांनी सुरू केलेल्या 'कांजी-व्हीजी' प्रकल्पात काना आणि हजारो कांजींच्या रेघा लिहिण्याच्या क्रमाने एसव्हीजी (रेघांच्या रूपात साठवलेली चित्रं) फायलींत आहेत. प्रत्येक फाइलचं नाव म्हणजे अक्षराचा युनिकोड क्रमांक, चौकट १०९ बाय १०९ ची, आणि रेघेची दिशाही जपलेली. पुढे कांजी घेतल्या तर वाचनं आणि अर्थांसाठी जिम ब्रीन यांच्या कामातून उभा राहिलेला 'कांजीडिक' हा कोश आहे, त्यात १३,१०८ कांजी आहेत.

दोन्ही गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'श्रेय द्या आणि तसंच वाटा' प्रकारच्या परवान्याखाली मिळतात. पैसे घेऊन विकलेल्या अ‍ॅपमध्येही त्या वापरता येतात, पण दोन अटींवर. 'माहिती' पानावर प्रकल्पाचं नाव, परवान्याचं नाव आणि दुवा द्यायचा. आणि त्यात बदल करून जो डेटा तुम्ही तयार करून वाटता, तो त्याच परवान्याखाली खुला ठेवायचा. अट डेटाला आहे, तुमच्या स्वतंत्र कोडला नाही. म्हणून रेघांचा डेटा पहिल्यापासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे काय खुलं आणि काय तुमचं यात घोळ होत नाही.

अ‍ॅपमध्ये थेट एसव्हीजी वाचण्यापेक्षा संगणकावरच पायथनच्या छोट्या स्क्रिप्टने प्रत्येक रेघेवर समान अंतरावर ३२ बिंदू काढून ठेवा. फाइल लहान होते, जुन्या फोनवर अ‍ॅप पटकन उघडतं, आणि हेच बिंदू पुढे तपासणीला लागतात.

फ्लटर की आणखी काही

यावर फार वेळ घालवू नका. कोटलिन ही अँड्रॉइडसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा येत असेल आणि फक्त अँड्रॉइड हवं असेल तर कोटलिन. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे जायचं असेल तर एकाच कोडमधून दोन्हींसाठी काम करणारं फ्लटर बरं, कारण या अ‍ॅपचा गाभा स्क्रीनवर रेघा काढणं हा आहे आणि फ्लटर स्वतःच सगळं रंगवत असल्यामुळे रेघ दोन्हीकडे सारखी दिसते. रेघ हळूहळू उमटवायची असेल तर फ्लटरमधलं 'पाथमेट्रिक' वापरून वाटेचा हवा तेवढा तुकडा काढता येतो. त्यापलीकडे जादू नाही.

टंक (फॉन्ट): इथे बहुतेक जण फसतात

युनिकोडमध्ये चिनी आणि जपानी लिपींच्या सामाईक अक्षरांना एकच क्रमांक आहे. आकार कुठला दाखवायचा ते टंक आणि भाषा ठरवतात. फोनची भाषा मराठी किंवा इंग्रजी असेल तर कांजी अनेकदा चिनी वळणात दिसतात. 'सरळ' या अर्थाची कांजी किंवा 'हाड' या अर्थाची कांजी अशा फोनवर बघा, जपानी पुस्तकातल्यापेक्षा ती वेगळी दिसेल. शिकणारा चुकीचं वळण गिरवत राहतो आणि त्याला ते कळतही नाही. उपाय दोन: जिथे जपानी मजकूर आहे तिथे प्रत्येक ठिकाणी भाषा जपानी अशी नोंदवा, आणि स्वतःचा जपानी टंक अ‍ॅपसोबत द्या. 'नोटो सान्स जेपी' मुक्त परवान्याचा आहे. पूर्ण टंक अनेक मेगाबाइटांचा होतो, पण फॉन्टटूल्स या साधनाने फक्त लागणारी अक्षरं ठेवली की कानापुरता तो अगदी छोटा राहतो.

काना लिपींतही अडचण आहेच. छापील टंकांत 'कि' आणि 'सा' यांची खालची वळणं वरच्या रेघेला जोडलेली दिसतात, हाताने लिहिताना ती सुटी असतात. 'कि' हाताने चार रेघांचा, छापील टंकात तीनच दिसतात. लिहिण्याच्या पानावर म्हणून टंक वापरूच नका, रेघांचा डेटा दाखवा. वाचण्याच्या सरावात मात्र 'नोटो' आणि हस्ताक्षराच्या जवळचा 'क्ली वन' असे दोन टंक आलटून-पालटून द्या. रस्त्यावरची पाटी आणि वहीतलं अक्षर, दोन्ही ओळखता यायला हवीत. मराठी मजकुरासाठी ल आणि श मराठी वळणाचे देणारा टंक निवडायला विसरू नका.

लिहिलेली रेघ तपासणं

अ‍ॅपचं सगळ्यांत महत्त्वाचं पान हे. गूगलच्या एमएल किटमध्ये हस्ताक्षर ओळखणारं तयार साधन आहे, ते जपानीही ओळखतं आणि फोनवरच चालतं. पण ते 'कोणतं अक्षर' एवढंच सांगतं. रेघांचा क्रम आणि दिशा चुकली तरी अक्षर ओळखलं गेलं की ते खूश. शिकवायचं असेल तर स्वतः तपासावं लागतं, आणि ते वाटतं तेवढं कठीण नाही.

बोट उचललं की एक रेघ पूर्ण झाली असं धरा. बोटाचे मिळालेले बिंदू १०९ च्या चौकटीत बसवा आणि रेघेच्या लांबीवर समान अंतराने ३२ बिंदू घ्या. आता तुमच्या डेटातली अपेक्षित रेघ आणि ही रेघ, दोन्हीकडे ३२ बिंदू आहेत. चार गोष्टी बघा: सुरुवातीचे बिंदू किती लांब, शेवटचे बिंदू किती लांब, एकूण लांबीचं गुणोत्तर, आणि पहिल्याशी पहिला, दुसऱ्याशी दुसरा अशा जोड्यांमधलं सरासरी अंतर. मर्यादा सुरुवातीला सैल ठेवा: टोकांसाठी चौकटीच्या पावभाग, सरासरी अंतरासाठी साधारण सहावा भाग. मग खऱ्या लोकांकडून लिहून घेऊन त्या घट्ट करा.

रेघ नापास झाली की काम संपत नाही, खरं शिकवणं तिथे सुरू होतं. त्या रेघेचे बिंदू उलट्या क्रमाने लावून पुन्हा तपासा. आता जुळली तर दिशा चुकली. नाहीच जुळली तर त्याच अक्षराच्या पुढच्या रेघांशी ताडून बघा. जुळली तर क्रम चुकला. 'चूक' असं लाल अक्षरांत सांगण्याऐवजी 'ही रेघ खालून वर', 'आधी आडवी रेघ' असं सांगता येतं. काताकानातले 'शि' आणि 'त्सु' घ्या. दोन्हींत दोन छोट्या रेघा आणि एक लांब. 'शि'ची लांब रेघ खालून वर जाते, 'त्सु'ची वरून खाली येते. 'न्' आणि 'सो' यांचंही तसंच. डोळ्यांनी ही जोडी वर्षभर घोळते, हाताला दिशा कळली की सुटते. कांजींत 'उजवा' आणि 'डावा' यांची सुरुवातच वेगळी आहे: उजव्याची पहिली रेघ तिरकी, डाव्याची आडवी.

'नो' सारख्या गोल अक्षरात दोन टोकं बघून काहीच कळत नाही, तिथे सरासरी अंतरावर भर हवा. उलट, अगदी छोट्या रेघांत लांबीचं गुणोत्तर उगाच नापास करतं, तिथे ते सोडून द्या. प्रत्येक अक्षरासाठी वेगळी मर्यादा ठेवायची सोय डेटातच करून ठेवा.

लिहिण्याची चौकट सरकणाऱ्या यादीत ठेवू नका, उभी रेघ काढताना पान सरकतं. चौकट स्क्रीनच्या कडेलाही टेकवू नका. अँड्रॉइडवर आणि आयफोनवर कडेवरून बोट फिरवलं की मागचं पान उघडतं, आणि नेमकी डावीकडून सुरू होणारी आडवी रेघ काढताना सराव बंद पडतो.

ओळखण्याचे प्रश्न आणि उजळणी

चार पर्यायांचा प्रश्न विचारताना चुकीचे पर्याय यादृच्छिक घेऊ नका. 'नु' विचारला तर पर्यायांत 'मे' हवाच. 'ने, रे, वा', 'रु, रो', 'सा, चि', 'हा, हो' असे दिसायला सारख्या अक्षरांचे गट एकदा हाताने बनवा आणि पर्याय तिथून उचला. याला एक संध्याकाळ लागते आणि अ‍ॅपचा दर्जा त्याने पालटतो.

उजळणीसाठी पिओत्र वोझ्नियाक यांची १९८७ ची एसएम-२ पद्धत पुरेशी आहे. पहिली उजळणी एका दिवसाने, दुसरी सहा दिवसांनी, पुढचं प्रत्येक अंतर आधीच्या अंतराला त्या अक्षराच्या 'सोपेपणा'च्या गुणकाने गुणून. गुणक २.५ पासून सुरू होतो आणि १.३ च्या खाली जात नाही. उत्तरं बरोबर येत गेली आणि गुणक २.५ वरच राहिला तर १, ६, १५, ३८ दिवस. चुकलं की पुन्हा एका दिवसापासून. मूळ पद्धतीत शिकणाऱ्याने स्वतःला ० ते ५ गुण द्यायचे असतात. ते इथे मागू नका, रेघांच्या तपासणीवरून आणि उत्तराला लागलेल्या वेळेवरून अ‍ॅपच गुण ठरवू शकतं. नवं अक्षर मात्र थेट दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. त्याच बैठकीत एका मिनिटाने आणि दहा मिनिटांनी पुन्हा दाखवा. वाचण्याची आणि लिहिण्याची उजळणी वेगळी मोजा, कारण 'वाचता येतं पण लिहिता येत नाही' ही बहुतेकांची स्थिती असते.

उजळणीचा दिवस मध्यरात्री बदलू नका, पहाटे चारला बदला. रात्री बाराला अभ्यास संपवणाऱ्याला लगेच 'आजची उजळणी' समोर नको. वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवून स्थानिक दिवस काढा. हे अ‍ॅप वापरणारे काही जण जपानला जाणारच आहेत, आणि तिथलं घड्याळ साडेतीन तास पुढे आहे.

आवाज आणि साठवण

फोनमधल्या यंत्रवाचनावर विसंबू नका. जपानी आवाज प्रत्येक फोनवर नसतो, आणि सुटं 'हा' अक्षर दिलं की काही आवाज ते 'वा' वाचतात. जपानी मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडून १०४ ध्वनी एका शांत खोलीत ध्वनिमुद्रित करून घ्या आणि वापराची लेखी परवानगी घ्या. दोन्ही लिपींना तेच आवाज चालतात. ६४ केबीपीएस, एका वाहिनीचे, सेकंदभराचे तुकडे मिळून मेगाबाइटही होत नाहीत. 'देसु' मधला शेवटचा उ कसा जवळजवळ विरतो ते लिहून कळत नाही, ऐकून कळतं, म्हणून काही पूर्ण शब्दही बोलवून घ्या.

एसक्यूलाइट डेटाबेसच्या दोन वेगळ्या फायली ठेवा. एक धड्यांची, जी अ‍ॅपच्या प्रत्येक अद्यतनात बदलली तरी चालेल, आणि एक शिकणाऱ्याच्या प्रगतीची, जिला अद्यतनाने हात लावायचा नाही. दोन्ही एकत्र ठेवल्या तर एखादा उच्चार दुरुस्त करताना कुणाच्या तरी महिन्यांची उजळणी पुसली जाते. अँड्रॉइडची स्वयंचलित बॅकअप सोय प्रत्येक अ‍ॅपला २५ मेगाबाइट देते, प्रगतीच्या फाइलला ती पुरून उरते.

प्ले स्टोअरवर चढवणं

विकसकाचं खातं एकदाच २५ डॉलर भरून उघडतं, ओळखपत्राची पडताळणी होते. अ‍ॅपमधून पैसे घेणार असाल तर वैयक्तिक खात्याचा पूर्ण पत्ता स्टोअरवर दिसतो, हे घरचा पत्ता देण्याआधी लक्षात घ्या.

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना थेट प्रकाशन करता येत नाही. आधी बंद चाचणी घ्यावी लागते: किमान १२ परीक्षक, सलग १४ दिवस सामील राहिलेले. आकडा आधी २० होता, डिसेंबर २०२४ मध्ये तो १२ वर आला. अ‍ॅप पूर्ण झाल्यावर माणसं शोधायला निघालात तर इथे अडकाल. लिहिण्याचं पान चालू लागलं की लगेच जपानीच्या वर्गांत विचारा. वीस-बावीस जण घ्या, काही जण मध्येच बाहेर पडतात. त्यांत निम्मे तरी खरोखर काना शिकत असलेले असू द्या. नातेवाईक अ‍ॅप उघडून 'छान आहे' म्हणतात, शिकणारा सांगतो की 'ओ' ची दुसरी रेघ दर वेळी नापास होते. प्रकाशनाची परवानगी मागताना चाचणीत काय कळलं आणि काय बदललं ते विचारलं जातं, म्हणून नोंदी ठेवा.

नवं अ‍ॅप एएबी (अँड्रॉइडच्या बंडल फाइलच्या) स्वरूपातच द्यावं लागतं आणि ३१ ऑगस्ट २०२५ पासून त्याचं लक्ष्य अँड्रॉइड १५, म्हणजे एपीआय ३५, असावं लागतं. ही अट दरवर्षी पुढे सरकते. स्वाक्षरीची किल्ली आणि तिचा पासवर्ड दोन ठिकाणी जपून ठेवा.

डेटा सुरक्षेचा अर्ज भरताना प्रत्येक पॅकेज काय गोळा करतं ते तपासा. अ‍ॅप पूर्ण ऑफलाइन असेल तर उत्तरं सोपी आहेत. क्रॅशची नोंद पाठवणारं साधन जोडलं तरी 'माहिती गोळा होते' असं सांगावं लागतं. जाहिराती जोडल्या तर यादी वाढतच जाते, आणि वापरणाऱ्यांत मुलं असतील तर कुटुंबांसाठीचे वेगळे नियमही लागू होतात. काना जाहिरातीविना मोफत ठेवावं असं माझं ठाम मत आहे. पैसे हवे असतील तर पुढच्या कांजीच्या भागाला किंमत लावा. गोपनीयता धोरणाचं पान मात्र काहीच गोळा करत नसलात तरी लागतं.

स्टोअरवरचं नाव ३० अक्षरांत, छोटं वर्णन ८० मध्ये, मोठं ४,००० मध्ये. चिन्ह ५१२ बाय ५१२, वरचं चित्र १०२४ बाय ५००. नावात 'नंबर वन', 'मोफत' असे शब्द चालत नाहीत, आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेशी अधिकृत संबंध असल्याचा भास होईल असं नाव तर नकोच. प्लेवर मराठीत वर्णन देता येतं, ते द्याच. पण इंग्रजीतही लिहा, कारण मराठी माणूस शोधताना अनेकदा इंग्रजीत टंकतो. पहिलं छायाचित्र लिहिण्याच्या पानाचं ठेवा, देवनागरी उच्चार स्पष्ट दिसेल असं.

वेळेचा विचार करायचा तर जेएलपीटी भारतात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुणेही तिचं केंद्र आहे. नव्या तुकड्या काना शिकायला लागतात तेव्हा अ‍ॅप तयार असेल असं बघा.

आयफोनसाठी वर्षाला ९९ डॉलर आणि शेवटचं बिल्ड करायला मॅक किंवा भाड्याची क्लाउड सेवा लागते. टेस्टफ्लाइट या आयफोनच्या चाचणीसेवेवर चाचणी घेणं प्लेपेक्षा सुटसुटीत आहे, पण एक बिल्ड ९० दिवसच चालतं. आधी अँड्रॉइड नीट करा.

प्रकाशनानंतर, आणि मग कांजी

अद्यतन एकदम सगळ्यांना देऊ नका. आधी थोड्या टक्के लोकांना द्या, प्ले कन्सोलमधलं क्रॅशचं प्रमाण बघा, मग पुढे जा. वापरणाऱ्याला जाणवणाऱ्या क्रॅशचं प्रमाण १.०९ टक्क्यांच्या वर गेलं तर स्टोअर अ‍ॅपला मागे टाकू शकतं. प्रत्येक अक्षराच्या पानावर 'इथे चूक आहे' असं बटण ठेवा, ज्याने त्या अक्षराच्या नावासह ईमेल उघडेल. उच्चाराबद्दलच्या तक्रारींना स्वतः उत्तर द्या.

काना स्थिर झालं की पहिल्या इयत्तेच्या ८० कांजी घ्या. कांजीला दोन प्रकारची वाचनं का असतात हे मराठीत समजावणं सोपं आहे. पाणी आपण 'पाणी' म्हणून पितो, पण जलाशय, जलमार्ग म्हणताना 'जल' येतं. पाण्याची कांजीही एकटी असताना 'मिजु' आणि बुधवार म्हणजे 'सुइयोऽबि' सारख्या शब्दात 'सुइ'. या तुलनेने एक पूर्ण धडा वाचतो.

अर्थ मात्र 'कांजीडिक'मधल्या इंग्रजीवरून यंत्राने मराठीत आणू नका. दुसऱ्या इयत्तेतली 'कोमे' ही कांजी इंग्रजीत जाऊन आली की तांदूळ की भात ते कळेनासं होतं. जपानीत 'कोमे' म्हणजे तांदूळ, शिजला की 'गोहान्', आणि मराठीतही हे दोन वेगळे शब्द आहेत. 'आने' म्हणजे मोठी बहीण आणि 'इमोऽतो' म्हणजे धाकटी, तिथे नुसतं 'बहीण' लिहून चालत नाही. प्रत्येक अर्थ जपानी शब्दाकडे बघून लिहा, दोन उदाहरणं द्या, आणि जपानी शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षकाकडून पूर्ण यादी तपासून घ्या. त्यांचा मोबदला ठरवा, आणि त्यांची हरकत नसेल तर 'माहिती' पानावर त्यांचं नाव तुमच्या नावाशेजारी द्या.